कुंडातला हिरवा रंग

॥ श्री ॥
शिळफाटा, खोपोली
१० जानेवारी १९८४

चि. वाल्मिक यास चांगोकाकाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या सल्ल्याप्रमाणे केलं. नव्या स्नानगृहाचा पंप ऊन पाणी उपसू लागल्यापासून देवीचं कुंड अर्ध्यावर आलं होतं. जमिनीतला दाब टिकवायचा तर स्नानगृहाच्या टाक्यांतून निवून वाहून जाणारं पाणी परत जमिनीत सोडा, असं तू लिहिलंस. आम्ही ते कुंडाशेजारच्या जुन्या बोअरमध्ये सोडलं. कुंड काठोकाठ भरलं. पंचायतीनं तुझा फोटो मागितला आहे.

फक्त पाणी आता कोमट लागतं. तुझी सुंदराकाकू गुडघे शेकायला जाते आणि कुडकुडत परत येते. तिचा सगळा राग तुझ्या शिक्षणावर आहे. उपाय लवकर कळव.

तुझा
चांगोकाका

हैदराबाद
१९ जानेवारी १९८४

ती. काकांस वाल्मिकचा शि. सा. न. वि. वि.

बोअर लांबचे हवे, हे लिहायचे राहिले. चूक माझी. पाण्याला खडकातून फिरून तापायला वेळ मिळायला हवा. इथल्या कॉम्प्युटरवर मी आपल्या जमिनीचे गणित मांडले. गार पाणी चार दिवसांत कुंडात पोचते, असे उत्तर आले.

पंचायतीला पटावे म्हणून सोबत रंगाची पुडी पाठवतो. अपाय काही नाही. ती बोअरमध्ये टाका. कुंडात हिरवे दिसले की टाक्यांचे पाणी बोअरमध्ये सोडणारा नळ काढून ओढ्यापलीकडच्या कोरड्या बोअरला जोडा. इतका साधा पुरावा कोणीही मानेल.

काकूंना म्हणावे, राग निवू द्या, लोभ मात्र ऊनच असू द्या.

आपला
वाल्मिक

शिळफाटा
२ फेब्रुवारी १९८४

चि. वाल्मिक, आशीर्वाद.

चौथ्या दिवशी कुंड हिरवंगार झालं. तुझं गणित तंतोतंत खरं ठरलं, पण ते ऐकायला माणूस मिळेना. देवीनं हिरवा शालू नेसला म्हणून खालापूरपासून बायका ओटी भरायला लोटल्या. मी पुडीचा रिकामा कागद दाखवला, तर सरपंच बुधाजी म्हणाले, ही बुद्धी तुला देवीनंच दिली. नळाला हात लावायचा नाही, असा ठराव झाला.

पाणी रोज गार होतंय. काल सुंदराचे गुडघे इतके धरले की तिला चुलीपुढून उठवायला दोन माणसं लागली. मला भीती वाटते रे.

चांगोकाका

शिळफाटा
६ मार्च १९८४

चि. वाल्मिक यास अनेक आशीर्वाद.

नळ ओढ्यापलीकडे गेला. तुझ्या काकूला स्वप्न पडलं. देवी म्हणाली, मला थंडी वाजते गं, तो नळ लांब न्या. सकाळी तिनं हे कुंडावर बायकांना सांगितलं आणि दुपारी बुधाजी स्वतः पाना घेऊन हजर. आता कुंड भरलेलं आहे आणि पाण्यात पाय ठेवला की चटका बसतो. काल ती चुलीपुढून आपली आपण उठली. माझे डोळे भरून आले.

थाप झकास मारलीस, असं मी तिला म्हटलं, तर माझ्यावरच भडकली. स्वप्न खरंच पडलं, असं शपथेवर सांगते. मी वाद घालत नाही, कारण देवीनं आणखी एक सांगितलंय म्हणे. वाल्मिकनं तीन वर्षं घर पाहिलेलं नाही, पाडव्याला त्यानं यावं.

तेव्हा ये. पुडी आणू नकोस.

वाट पाहणारा
चांगोकाका