खांदशेकणीच्या दिवशी आपली गाडी

प्रिय मोठेबाबा,

पॉलिश वाळायला ठेवलं आहे, म्हणून लिहायला बसलो. ऊन असतं तर एवढा वेळ लागला नसता. पण पोळ्याच्या आदल्या दिवशीची हवा तुम्हाला ठाऊकच आहे, पाऊस पडतही नाही आणि आभाळ उघडतही नाही. बोट फिरवून पाहिलं, अजून चिकट आहे. पांढरं, भुरभुरीत झाल्याशिवाय पुसलं तर डाग राहतात. तेव्हा वेळ आहे.

तुम्ही फाल्गुनात गेलात आणि घरात मोठ्याई आणि मी, दोघेच उरलो. तेव्हापासून आपली मालाची गाडी अंगणात निंबाखाली उभी आहे. दर रविवारी मी ती धुतो. आधी नुसतं पाणी, मग शाम्पूचं फडकं, मग परत पाणी. छतापासून सुरुवात आणि शेवटी चाकं. चाकांचं फडकं वेगळं ठेवतो. तुम्ही मात्र एकच फडकं सगळीकडे फिरवायचात, तेही कपड्याच्या सोड्यात बुडवून! रंग त्यानेच उतरला, मोठेबाबा. मी तेव्हाही सांगितलं होतं, आणि तुम्ही म्हणाला होतात, "बैलाले कोणता शाम्पू लावत होतो मी?"

मागच्या फाळक्यावर पेंटरने 'आर्शीवाद' लिहिलं होतं, तेही मी ब्रश आणून नीट केलं. वाचणाऱ्याला कळतं ना, असं तुम्ही म्हणायचात. कळतं, पण मला तिकडे पाहवत नव्हतं.

शेवटची बैलजोडी विकून तुम्ही ही गाडी आणलीत, त्या वर्षीची खांदशेकणी आठवते? वर्षभर जू वाहिलेल्या बैलांचे खांदे त्या संध्याकाळी गरम पाण्याने शेकायचे, पळसाच्या पानाने हळद-लोणी लावायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. गोठा रिकामा होता. तुम्ही वाटी घेतली आणि सरळ गाडीकडे गेलात. समोरचे किराणावाले गजूभाऊ ओट्यावरून विचारत होते, इचा खांदा कुठं हाय म्हणून. तुम्ही गाडीला एक चक्कर मारलीत, मग अंगणात उताणे पडून खाली सरकलात आणि चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांना लोणी लावलंत.

"वजन याच्यावर येते, मंग खांदा हाच," असं तुम्ही खालूनच म्हणालात.

गाव हसलं. पण पुढच्या वर्षी दोन ट्रॅक्टरवाले ट्रॅक्टरचा खांदा कोणता ते विचारायला आले होते. तुम्ही त्यांना ट्रॉली ओढायचा हूक दाखवलात!

लोण्यावर धूळ बसते, हे मी तुम्हाला समजावून थकलो. शेवटी तुम्ही मला मेणाच्या पॉलिशचा डबा आणून दिलात. तेव्हापासून वाटणी ठरली: लोणी तुमचं, पॉलिश माझं आणि आवतण मोठ्याईचं.

आता खरी गोष्ट लिहितो. गाडी रस्त्यावर काढायला मोठ्याईने मला पोळ्यापर्यंत मुदत दिली आहे. त्यानंतर दारव्ह्याचा एक माणूस गाडी पाहायला येणार आहे. ती रागावलेली नाही. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मले चालवता येत नाही अन् तू चालवत नाही. मंग ठेवू कोनासाठी?"

मला येतं, मोठेबाबा. तुम्हीच शिकवलंत, लायसनही काढायला लावलंत. नेरच्या रस्त्याने भरलेली गाडी मी आणली आहे. पण तेव्हा डावीकडच्या सीटवर तुम्ही असायचात, आणि झोपायचात! मी झोपलो म्हणजे तू बरोबर चालवून राह्यला असं समज, म्हणायचात. आता त्या सीटवर झोपणारं कोणी नाही. मी स्टिअरिंगमागे बसतो, इंजिन चालू करतो आणि पुलियाजवळचा उतार डोळ्यांसमोर येतो. ब्रेक लागला नाही तर? एसटीच्या मागून कोणी पोर धावत आलं तर? मग मी इंजिन बंद करून उतरतो. उतरलो की बंपरवर कुठे तरी डाग दिसतो, तो घासत बसतो. डाग कुठे ना कुठे असतोच. मी हे का करतो ते मला कळत नाही असं नाही.

उजवं अंग वाळलं असेल. पुसून येतो.

मोठेबाबा, आता दिवेलागण झाली आहे. मधे बरंच झालं, ते क्रमाने लिहितो.

उजवं अंग पुसून झालं तेवढ्यात गजूभाऊ आले. त्यांची सरकीच्या ढेपेची पोती नेरला पडून होती आणि आणणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर पोळ्याला गावी निघून गेला होता. गावातल्या ढोरांना उद्या सणाला काय घालायचं? हे सगळं त्यांनी मला सोडून मोठ्याईला सांगितलं, मला ऐकू जाईल असं. मग गाडीच्या चकचकीत दरवाजात स्वतःचं तोंड पाहत म्हणाले, "भाड्यानं नसन देत तर आरसा म्हनून द्या वहिनी, दाढी तरी करतो."

मी हसलो. मोठ्याई हसली नाही.

ओट्यावर तिने पळसाची पानं आणून ठेवली होती. मी म्हणालो, पाटे पुसून ठेवतो, संध्याकाळी लोणी लावायला बरं.

"कायले?"

"खांदशेकणीले."

"खांदा दुखते म्हनून शेकतेत, अंकुश. इनं यंदा वाह्यलं काय?"

आवतण तरी द्या, मी म्हणालो. तिने पानं उचलून टोपलीत टाकली.

"कामाच्या बैलाले आवतण असते."

एवढंच बोलून ती आत गेली.

मी किल्ली घेतली. डाव्या अंगाचं पॉलिश पुसायचं राहिलं होतं. ते तसंच ठेवून निघणं मला किती जड गेलं असेल, हे दुसऱ्या कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

गजूभाऊ डावीकडे बसले. ते झोपणाऱ्यातले नाहीत, नेर येईपर्यंत ढेपेत भेसळ कशी ओळखायची ते सांगत राहिले. पुलियाच्या कितीतरी आधी मी गिअर उतरवला. मागून एसटीने हॉर्न लावून धरला. गजूभाऊ म्हणाले, "उतरून धक्का देऊ काय?" मी ब्रेक दाबला, आणि तो लागला. येताना भरलेल्या गाडीलाही लागला. त्या वेळी पाट्यांचा कर्र असा आवाज आला. तुम्ही असताना मी तो कधी नीट ऐकला नव्हता.

परत आलो तेव्हा दारापर्यंत चिखल उडाला होता आणि न पुसलेल्या पॉलिशवर ढेपेचा भुसा लापशीसारखा चिकटला होता. मोठ्याई चिखल पाहून आत गेली. गरम पाणी आणि हळद-लोण्याची वाटी घेऊन आली. तिला गुडघ्यांमुळे वाकता येत नाही, म्हणून मीच पोतं अंथरून खाली सरकलो. ब्रेकच्या ड्रमांची धग पाट्यांपर्यंत येत होती. पानाने लोणी लावलं की लगेच वितळत होतं. धूळ बसेल, हे माहीत असूनही सगळ्या पाट्यांना लावलं.

मोठ्याई समोर उभी होती. मला खालून तिचे पाय तेवढे दिसत होते. तिने कुंकू लावलं असावं, कारण ते बंपरच्या अगदी जवळ आले. मग म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

तुम्ही असताना ती हे हसत म्हणायची, तुम्हाला चिडवायला. आज हसली नाही. पण आवाज गजूभाऊच्या दुकानापर्यंत गेला. नंतर तिने दारव्ह्याच्या माणसाला फोन केला. गाडी द्यायची नाही असं ती म्हणाली नाही. म्हणाली, दिवाळीनंतर पाहू.

भीती गेली असं लिहिणार नाही, ते खोटं होईल. उद्या पोळा आहे, गाडी उभी राहील. परवा गजूभाऊची उरलेली पोती आणायची आहेत, ती मी आणीन. दिवाळीपर्यंत रोज निघेन, घाबरत का होईना. आणि पुढच्या खांदशेकणीला मोठ्याईला 'इनं वाह्यलं काय' असं विचारावं लागणार नाही, इचा खांदा खरोखरच दुखत असेल. एवढं वचन देतो.

तुमचा,
अंकुश