आतला हो

एडमंटन, एप्रिलचा दुसरा मंगळवार

प्रिय एफीताई,

आधी तुझ्या गुडघ्याला नमस्कार, कारण तो तुझ्यापेक्षा लवकर रुसतो, मग तुला. कसा आहे गुडघा? मलम संपलं असेल तर पोस्टातल्या सेडीकडे माझी अर्धी डबी पडली आहे. (ती तिच्याकडे कशी गेली ते विचारत बसू नकोस.) माझ्या कोंबड्या अंडी देताहेत ना? मी इकडे खुशाल आहे. हे वाक्य दोनदा वाच, ताई, मी अगदी खुशाल आहे. कारण पुढचं वाचून तू माझ्या नावानं मेणबत्ती लावायला चर्चकडे धावशील. धावू नकोस, गुडघा आहे. फोन न करता पत्र लिहितोय, कारण इथला फोन स्वयंपाकघरात आहे आणि स्वयंपाकघरात स्टेफनीबाई आहेत. स्टेफनीबाई म्हणजे आपल्या रॉरीच्या होणाऱ्या सासूबाई. एकतीस वर्षं इस्पितळात नर्स होत्या. निवृत्त झाल्या म्हणतात, पण ते कागदोपत्री.

मी कशासाठी आलो ते तुला ठाऊकच आहे. साखरपुडा हे निमित्त. पोरानं आपलं केप ब्रेटन बेट सोडलं त्याला सात वर्षं झाली, घरात मी आणि रेडिओ, आणि बोटीवर दोराला दुसरा हात नाही. एकदा समोर बसवून विचारायचं होतं, 'रॉरी, परत येतोस का?' एवढंच. कोंबड्यांसमोर तालीमसुद्धा केली होती. विमानतळावर सुरुवात म्हणून विचारलं, काम बरं चाललंय ना? तर 'हो' म्हणाला, पण कसा? तोंडातून वारा बाहेर सोडून, मेणबत्ती विझवल्यासारखा! आपल्याकडे कुणी असं म्हणतं का गं? आपण कसं, श्वास झटकन आत ओढला की झाला हो. आई तसं म्हणायची, बाबा तसं म्हणायचे, आपले फादर लग्न लावताना तसं म्हणतात. आणि माझ्याच पोटचा पोरगा बाहेर फुंकतोय. माझ्या काळजात चर्र झालं. म्हटलं, गेला हा हातचा. प्रश्न विचारायचा राहिला, तो राहिलाच.

आता बसून वाच. ताई, सगळं जग 'हो' बाहेरच म्हणतं. आत ओढणारे आपण मूठभर. मला सहासष्टाव्या वर्षी हे कळलं, तेही सगळं होऊन गेल्यावर. विमानातल्या मुलीनं चहा हवा का विचारलं, मी आतला हो म्हटला. तिनं डोळे विस्फारले. साखर हवी का, पुन्हा आतला हो. ती पळत गेली आणि आली ती नळी लावलेलं नळकांडं घेऊन. मला वाटलं दूध असेल. (प्राणवायू होता. नाकाला लावून बसलो अर्धा तास, नाही म्हणणं बरं दिसेना. चहा आलाच नाही.)

पण यांच्या घरचे आवाज तरी मला कुठे कळतात? पहिल्या रात्री स्टेफनीबाईंनी बटाट्याचं सारण भरलेल्या उकडीच्या करंज्या वाढल्या, वर कांदा नि घट्ट साय. मी आभार मानले. तर त्या तोंड मिटून नुसतं 'हंऽ' म्हणाल्या. म्हटलं, बाई रागावल्या. पुन्हा आभार मानले, पुन्हा 'हंऽ'. दोन दिवस मी आभारांवर आभार आणि त्या हंकारावर हंकार, माझ्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी लारिसानं, म्हणजे आपल्या होणाऱ्या सुनेनं सांगितलं, 'अहो बाबा, हंऽ म्हणजे त्यात काय एवढं, असं.' आणि बाईंचं ते 'ओय'! पीठ चांगलं भिजलं की ओय, करपलं की ओय, कुणी वारलं की ओय, मांजर शिंकलं की ओय. मी प्रत्येक ओयला खुर्चीवरून उठून उभा राहत होतो. बाईंनी तेही लिहून ठेवलं म्हणे : 'बसल्या जागी अस्वस्थ.'

कारण बाईंचा संशय पहिल्याच जेवणाला बळावला होता. करंजी आवडली का? (आतला हो.) त्यांनी काटा खाली ठेवला. एकटेच राहता? (आतला हो.) घरात जिने आहेत? (आतला हो.) बोट अजून स्वतःच चालवता? (आतला हो, आणि जरा जोरात, कारण बोटीचा मला अभिमान आहे.) बाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि माझी नाडी धरली. मला वाटलं, त्यांच्यात व्याह्यांचा हात असाच धरत असतील. मी दुसराही दिला. रॉरी समोरच होता, ताई. ताटात बघत खात होता, कान लालबुंद. मला वाटलं, बापाची लाज वाटतेय.

चौथ्या दिवशी डॉक्टर, सोबत सगळं घर. छाती तपासली, तारा चिकटवल्या, सरकत्या पट्ट्यावर चालवलं. रिपोर्ट स्वच्छ! डॉक्टर म्हणाले, हृदय चाळिशीच्या माणसाचं आहे. मी खूश होऊन आतला हो म्हटला आणि त्यांनी रिपोर्ट पुन्हा उघडला. घरात आणखी कुणाला असं होतं? मला कळेना, कसं? पण तरी सांगितलं, मला जे होतं ते सगळं ताईलाही होतं. शेजाऱ्यांना? अख्ख्या गावाला, फादरनासुद्धा. डॉक्टरांनी पेन खाली ठेवून विचारलं, तुमच्या गावात खाण वगैरे आहे का? तेव्हा स्टेफनीबाई म्हणाल्या, 'डॉक्टर, हे बघा, असं करतात,' आणि त्यांनी स्वतः श्वास झटकन आत ओढून दाखवला. ताई, मला आधी वाटलं, बाई आपल्या भाषेत हो म्हणताहेत! इतकं बरं वाटलं, गावचं माणूस भेटल्यासारखं. आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. विमानातलं नळकांडं, नाडी, तारा, सगळं.

मी सांगायला तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, यांना एकटं ठेवू नका. आणि लारिसा माझा हात धरून म्हणाली, 'आपणच जाऊ तिकडे राहायला. रॉरी, बाबांच्या बोटीवर काम आहेच, आणि गाई तिकडेही आजारी पडत असतीलच.' (ती जनावरांच्या दवाखान्यात असते.) मग माझ्याकडे वळून म्हणाली, 'चालेल ना, बाबा?'

मी काय करायला हवं होतं ते मला समजतं. मी काय केलं तेही तुला समजलंच असेल. श्वास आत ओढला. आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हापासून माझा जीव टांगणीला आहे. धडधाकट माणूस मी, मला उशा लावून बसवतात, मीठ बंद केलंय, जिन्यावर दोघं पुढे-मागे. खरं सांगावं तर पोरगं हातचं जाईल. न सांगावं तर त्या पोरीनं घर, आई, नोकरी सोडायची ती माझ्या एका श्वासासाठी! काल तर चोरून बाहेरचा हो म्हणून बघितला. बाई म्हणाल्या, 'आज आवाज बदललाय,' आणि जिभेखाली थर्मामीटर ठेवला. काय करू ते तूच सांग. नाहीतर नको सांगू, तुझं उत्तर येईपर्यंत आम्ही निघालेलो असू.

कोंबड्यांना आशीर्वाद, तुला नमस्कार,
तुझा काळजीनं वाळलेला भाऊ,
लॉकी

ता. क. खरं काम हे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, लॉबस्टरचा हंगाम लागायच्या आत, आम्ही येतोय. स्टेफनीबाईही सोबत, तीन आठवडे, मला मार्गी लावायला. तर गावात सांगून ठेव, तेवढे तीन आठवडे सगळ्यांनी हो बाहेर म्हणायचा. फादरना सांग, पाप लागत नाही. सेडीला दोनदा सांग. जमणार नाही त्यांनी मान हलवावी. तू मात्र तोंडच उघडू नकोस, तुझं मला माहीत आहे, दाढदुखी म्हण आणि रुमाल बांध.

ता. क. दुसरा. बुधवार सकाळ. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. झोप लागेना म्हणून उजाडताच गॅरेजमध्ये गेलो, रॉरी ट्रक धूत होता, त्याला सगळं सांगून टाकलं. तो हसायलाच लागला. 'बाबा, मी काय चंद्रावर जन्मलो का? पहिल्या घासालाच कळलं मला.' कान लाल झाले होते ते हसू दाबून! म्हणे पहिल्या वर्षी लारिसानं त्यालाच दवाखान्यात नेलं होतं, तेव्हापासून त्यानं आतला हो सोडला. म्हणजे तीही जाणून आहे. दोघांना दोन वर्षांपासून यायचं होतं. पण बाई मुलीला सोडेनात, आणि बाईंपुढे चालतं ते फक्त एकच कारण : पेशंट. म्हणून गप्प बसले गुलाम. तेव्हा गावाला दिलेली ताकीद कायम ठेव, रुमालही कायम. बाई परतीच्या विमानात बसल्या की सोड.

मग मी तो प्रश्न विचारला, ताई, तालीम केलेला. म्हटलं, माझ्या आजाराचं राहू दे बाजूला. तुला स्वतःला, मनापासून, परत यायचंय का? त्यानं वर पाहिलं नाही. टायर घासत राहिला. आणि श्वास आत ओढला.