अण्णा ग्लेशियर बघायला गेले त्याची हकिगत

चँडलर, ॲरिझोना
१८ जुलै २००६

ती. सौ. अहिल्याताईस,

मोहनचा नमस्कार. भाऊजींचा गुडघा आता जिने चढू देत असेल. आम्ही इथे सुखरूप आहोत. 'सुखरूप' हा शब्द विचार करून लिहिला आहे, मागच्या आठवड्यात तो थोडक्यात हुकला होता.

झालं असं, की इथे पारा एकशेबारावर गेला (फॅरनहाइट, भाऊजींना सांग, नाहीतर घाबरतील) आणि अण्णा दिवसभर पडदे ओढून बसू लागले. म्हणून त्यांना मोंटानातलं ग्लेशियर नॅशनल पार्क दाखवायचं ठरवलं. डोंगर, तळी, हिमनद्या, अस्वलं, सगळं एकाच तिकिटात. त्यांची पाटबंधारे खात्यातली चाळीस वर्षं काही सुटत नाहीत. पहिलं तळं बघून आम्ही फोटो काढू लागलो, तर अण्णा म्हणाले, "किती टीएमसी मावतं? आणि सोडतात कुठे?" अस्वलांना चाहूल लागावी म्हणून तिथे घुंगरू विकतात. लतिकाने सुनेच्या काळजीने एक त्यांच्या काठीला बांधलं. त्यांनी ते सोडून माझ्या हातात दिलं, "मी पोळ्याचा बैल नाही." मुद्दा बरोबर होता, पण त्यामुळे ते निघून गेले तेव्हा काहीच वाजलं नाही.

मी कॅमेऱ्याची बॅटरी बदलत होतो. (दोन मिनिटं. लतिका दहा म्हणते.) वर बघितलं तर बाकावर फक्त त्यांची पिशवी. तासभर शोधून मग पार्कवाल्यांना सांगितलं. एक सहा फुटी रेंजरबाई आल्या आणि त्यांनी फॉर्म काढला. अंगात काय होतं? मला आठवेना. लतिकाने सांगितलं, तपकिरी स्वेटर, माकडटोपी. विसरायला होतं का त्यांना? मी 'नाही' म्हटलं. लतिकाने माझ्याकडे बघितलं आणि 'हो' म्हटलं. बाईंनी 'हो' लिहिलं.

तीन तासांनी सापडले. पायवाटेने दीड मैल वर, एका ओंडक्यावर बसलेले, एका पायात बूट नाही, ओठ निळे. दहा पावलांवर एक पांढरी रानशेळी त्यांच्याकडे बघत उभी. मला म्हणाले, "तुझी आई पुढे गेली. माझं ऐकते कुठे? तू हाक मार." आईला जाऊन तीन वर्षं झाली, हे तुला काय सांगायचं. पण ते उठेचनात. शेवटी मी डोंगराकडे तोंड करून "आई" म्हणून ओरडलो. दोनदा. रेंजरबाईंना मराठी येत नाही, तरी त्यांनी लगेच दुसरा फॉर्म काढला आणि विचारलं, आणखी कोण हरवलंय? मी म्हटलं, कोणी नाही. मग अण्णांना म्हटलं, येईल ती मागून. तेव्हा त्यांनी उठायला हात दिला.

आता बरे आहेत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. दोन्ही वेळा वरणभात जेवतात. काळजी नसावी.

तुझा,
मोहन

ता. क. अस्वल दिसलं नाही. हिमनदी लांबून दिसली. मळकी चादर वाळत घातल्यासारखी.

ता. क. आणखी एक. जेवतात असं लिहिलं ते खरं नाही. रोज सकाळी सांगलीच्या घरचा जुना नंबर लावून मागतात. आई उचलत नाही म्हणून ताट सरकवतात. फोनवर तुझा आवाज अगदी आईसारखा येतो, भाऊजीसुद्धा फसायचे. ३० तारखेच्या रविवारी तुमच्या संध्याकाळी सातला फोन लावीन. त्यांना 'अण्णा' म्हणू नकोस. "जेवलात का?" एवढंच विचार, आणि ते काहीतरी बोलेपर्यंत फोन ठेवू नकोस.