परीक्षेच्या आधी उघडलेलं इंजिन

मामा,

गेल्या महिन्यात पलीकडे जायचा पूल झाला आणि आपली लाँच काठावर ओढून ठेवली. इंजिन कुणीतरी आधीच उतरवून नेलं होतं. त्या रिकाम्या जागेकडे बघत मी बराच वेळ उभी होते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्या तीन दिवसांबद्दल आपण दोघं कधी धड बोललोच नाही. सासरा आणि सून, बोलणार तरी किती? म्हणून आज लिहायला बसले आहे.

तुमची उभी हयात सोलापूरच्या गिरणीत फिटर म्हणून गेली. भवानी पेठेतली दोन खोल्यांची जागा सोडून तुम्ही आम्हा सगळ्यांना घेऊन माढ्याकडच्या आपल्या गावी परत आलात, तेव्हा धरणाचं पाणी चढून गावाचा जुना रस्ता बुडाला होता. हायस्कूल, दवाखाना, बाजार, सगळं पलीकडच्या काठाला. गावानं मिळून लाँच आणली आणि ती चालवायला तुमच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतंच. एका सिलिंडरचं लहानसं डिझेल इंजिन, हँडल मारून चालू करायचं. तुम्ही त्याच्याशी बोलायचात, ते मी धुणं धुताना ऐकायची आणि मनात हसायची.

त्या मार्चमध्ये मॅट्रिकची परीक्षा चार दिवसांवर आली असताना हँडलनं उलटा झटका दिला आणि तुमचं उजवं मनगट मोडलं. इंजिन आठवडाभर काळा धूर ओकत होतं, आता पुरतंच बंद पडलं. सोलापूरच्या मेकॅनिकचा निरोप आला, आठ दिवस जमणार नाही. गावातल्या चौदा मुलामुलींना रोज सकाळी पलीकडे परीक्षेला पोचायचं होतं. बैलगाडीनं वळसा घालायचा तर अर्धा दिवस जायचा. मासे धरणाऱ्यांच्या होड्या दोन माणसांच्या, वारा सुटला की त्याही मुकाट्यानं काठाला लागायच्या. तुमचे चिरंजीव श्रीपूरला साखर कारखान्यावर, हंगाम ऐन भरात, रजेचं नाव नको. तुम्ही प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसला होतात. मी भाकरी थापत होते. तुमच्याकडे न बघताच म्हणाले, "मी उघडते इंजिन. तुमी नुसतं सांगा."

"ते काय शेवयाचं यंत्र वाटलं व्हय तुला?"

"न्हाय वाटत. म्हणूनच सांगा म्हणते."

सासूबाई चुलीपाशी होत्या, त्या म्हणाल्या, "सांगा की. हात तिचं, डोस्कं तुमचं. बिघडून काय बिघडल? बंदच हाय न्हवं ते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पदर खोचून लाँचमध्ये उतरले. तुम्ही समोर डिझेलच्या रिकाम्या डब्यावर बसलात आणि डाव्या हातातल्या काठीनं एकेक नट दाखवायला लागलात. आधी जुनं तेल काढलं. ते इतकं काळं आणि पातळ निघालं की तुम्हीच मान खाली घातलीत. मग डिझेलची टाकी. तळाला वाटीभर पाणी साचलं होतं. तुम्ही म्हणालात, "हे बघ, हितं मेलंय ते." टाकी धुतली, फिल्टर बदलला. सुटलेला प्रत्येक भाग मी काढला त्याच क्रमानं गोणपाटावर मांडत होते, पापड वाळत घालतात तसा. काठावर माणसं जमली होती. कुणी म्हणालं, "सुनंला गिरणीत लावताय का काय?" आणि बाकीचे हसले. तुम्ही तिकडे बघितलं नाहीत, म्हणून मीही नाही.

मग नोझल आलं. डिझेलचा फवारा सोडणारं ते टोक, त्याची भोकं सुईच्या अग्राहून बारीक. मी ते डिझेलनं धुतलं आणि सवयीनं पदरानं पुसलं. तुम्ही एवढ्यानं ओरडलात की काठावरची कुत्री उठली. "अगं ए! चूल सारवतीयास का? सुताचा एक धागा आत गेला की संपलं सगळं! घरी जा तू, घरी जा!" माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. माहेरी माझा बापही मला असं चारचौघांत कधी बोलला नव्हता. मी नोझल खाली ठेवलं नाही. दातावर दात धरून म्हणाले, "मी घरी जाणार न्हाय. पुसायचं न्हाय, तर मग काय करायचं ते सांगा." तुम्ही डिझेलची वाटी काठीनं माझ्याकडे सरकवलीत. मग आवाज खाली आला. "परत धू. पुसू नको. तसंच वलं बसव."

दुपारी सासूबाई भाकरी घेऊन आल्या. माझे हात कोपरापर्यंत काळे, साबणानंही निघेनात. त्यांनी पिठल्यात बुडवून एकेक घास मला भरवला, सगळ्यांदेखत. लग्नाला सहा वर्षं झाली होती. त्या घासांची चव अजून जिभेवर आहे.

तिसऱ्या दिवशी डिझेलच्या नळीतली हवा काढायची होती. नट किंचित ढिला करून मी पंप दाबत बसले आहे, फेस येतो आहे, तुम्ही म्हणता आहात, "बुडबुडा दिसतोय तवर थांबू नगंस." अंगठा दुखून बधिर झाला तेव्हा कुठं नितळ डिझेल आलं. मग हँडल. तुमचं मनगट माझ्या डोळ्यांसमोरच होतं. तुम्ही डाव्या हातानं माझा अंगठा सोडवलात. "मुठीत घेऊ नको ह्येला. बोटांच्याच अंगाला ठेव. झटका दिला तर हात सुटंल, मोडणार न्हाय." मी फिरवायचं आणि वेग आला की सिलिंडरचा दाब सोडून धरणारी वरची दांडी तुम्ही पाडायची, असं ठरलं. पहिल्यांदा नुसती उचकी लागली. दुसऱ्यांदा काहीच नाही. चौथ्यांदा धडधड सुरू झाली, काठावरची पोरं ओरडली आणि तुम्ही लहान मुलासारखे हसलात.

पण मागच्या नळीतून पाणी पडत नव्हतं. इंजिन गार ठेवणारं पाणी. तुम्ही हसण्यात होतात, मी बघितलं आणि इंजिन बंद केलं. तुम्ही रागानं वळलात, मग तुम्हालाही दिसलं. पाणी आत ओढणारी खालची जाळी शेवाळानं बुजली होती. मी लुगड्यासकट पाण्यात उतरले, छातीइतक्या पाण्यात एका हातानं दोर धरून दुसऱ्या हातानं शेवाळ उपसलं. पुन्हा हँडल मारलं, आणि मागून पाण्याची धार पडली.

परीक्षेच्या सगळ्या दिवशी चौदाही जण वेळेवर पोचले. सुकाणू तुमच्या डाव्या हातात असायचं आणि मी इंजिनापाशी. शेवटच्या पेपरादिवशी सोलापूरचा मेकॅनिक आला, इंजिनाला कान लावून म्हणाला, "चांगलं चाललंय की. कुठल्या मिस्त्रीनं केलं?"

"आमच्याच," तुम्ही म्हणालात. "ही काय, उभी हाय."

पुढच्या खेपेला सोलापूरहून येताना तुम्ही माझ्यासाठी पान्यांचा लहान संच आणलात, माझ्या हातात मावेल असा. देताना एवढंच म्हणालात, "गंज चढू दिऊ नगं." तुमचं मनगट पुढं नीट वळलंच नाही. लाँच अकरा वर्षं मीच चालवली.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार, मामा? घडी करून ठेवून देईन. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे. त्या दिवशी मी जाळी साफ करायला उतरताना तुम्ही विचारलं होतंत, "पवता येतंय न्हवं?" आणि मी "व्हय" म्हणाले होते. माझं माहेर कोरडवाहू. लग्नाआधी आडाखेरीज पाणी मी पाहिलेलं नव्हतं. मला पोहता येत नव्हतं. अजूनही येत नाही.