उभ्या हाताची खूण

शिरपूर,
भाऊबीजेनंतरचा सोमवार, १९८८

प्रिय कुंदा,

तुझं पत्र पोचलं. भिंतीवरच्या भावाच्या, वनाच्या उडीच्या खुणेला हात पोचत नाही, म्हणून व्हॉलीबॉलच्या निवडीला नाव देणार नाही म्हणतेस. आधी घरचं सांगतो. दिवाळीआधी तुझ्या आईने मागच्या भिंतीला चुन्याचे दोन हात दिले. चुना वाळला तशी वनाची बोटं पुन्हा वर आली. ती म्हणाली, "वना ऊना व्हता." अगं, आला होता कसला, खडू पुसला जातो म्हणून मीच त्याच्या बोटांना गेरू लावायचो, गेरू चुन्यातून फुटतोच. तर म्हणे, "तुमना गेरू व्हई, मना पोऱ्या शे." गेरू माझा, पोरगा तिचा! कावीळ त्याला घेऊन गेली तेव्हापासून दर दिवाळीला आमचं हेच. खरं सांगू, चुना वाळेपर्यंत मीही अंगणातून हलत नाही.

उडी मोजणं मला कुणी शिकवलं नाही. कापसाच्या जिनिंगमधला फिटर मी. भिंतसुद्धा ओळंबा लावून तपासली. सकाळच्या उडीशी संध्याकाळची ताडून पाहू नये. बूट तेच हवेत. एक उडी म्हणजे नशीब. दम खाऊन पुन्हा पुन्हा मारली आणि सगळ्या जवळजवळ आल्या, तरच ती तुझी. आणि सगळ्यांआधी उभ्या हाताची खूण: टाचा जमिनीला, खांदा पूर्ण ताणलेला. वना तिथे लबाडी करायचा. खांदा चोरला की खालची खूण उतरते, उडी फुगते. मी त्याच्या बरगडीत बोट खुपसायचो, हात आपोआप वर जायचा.

यंदा भिंतीवर आणखी एक खूण आहे. वनाच्या वरच्या खुणेच्या चार बोटं खाली, ताजी. आईला दाखवलेली नाही. भाऊबीजेला ओवाळणीचं ताट तसंच ठेवून तू मागे गेलीस, कोनाड्यातला गेरू घेतलास, टॉवेलला हात पुसलेस. वना गेल्यापासून तू त्या भिंतीकडे पाठ करूनच बसायचीस, म्हणून मी हाक मारली नाही.

पण पोरी, तू नुसतीच उडालीस! खालची खूण कुठंय? वना तुझ्याहून उंच. उडी म्हणजे वरची खूण नव्हे, दोन खुणांमधलं अंतर. तू त्याच्याहून कमी उडालीस की जास्त, हे मी अंदाजाने सांगणार नाही; बाप म्हणून तर नाहीच.

म्हणून लिहितोय. रविवारी ये. नाव द्यायचं की नाही, ते मग ठरव. आधी वनाच्या उभ्या हाताच्या खुणेशेजारी टाचा टेकवून उभी राहा. गेरू भिजवून ठेवतो. खांदा चोरलास तर बरगडीत बोट खुपसीन. फार दिवसांत कुणाच्या खुपसलं नाही.

तुझाच,
नाना