दोन अंशांचा फरक

मंगळवार, ३ मार्च

प्रिय बाळ्या,

अनेक आशीर्वाद. दोन पोरांचा बाप झालास तरी मी तुला बाळ्याच म्हणणार, त्याला इलाज नाही. इथे सगळं ठीक. तुझ्या भावोजींचा गुडघा त्यांच्यासारखाच आहे, दिवसभर कुरकुरतो आणि संध्याकाळी फिरायला निघतो. वहिनीला सांग, तिने विणलेला स्वेटर मला अगदी मापात बसला. दोन्ही पिल्लांचे पापे घे.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू ‘हं’, ‘बरं’ आणि ‘ठेवतो’ एवढ्यात मला वाटेला लावतोस. पत्र निदान मधेच ठेवून देता येत नाही. म्हणजे येतं, पण मला ते दिसत नाही.

शाळेत प्रकल्पांची धामधूम चालू आहे. शेवटच्या वर्गाला यंदा ‘उष्णता’ हा विषय दिलाय. आठ आठवडे प्रत्येकाने स्वतःचा प्रश्न घेऊन बसायचं, स्वतः मोजायचं, वहीत लिहायचं. माझी गुण द्यायची पद्धत तुला ठाऊकच आहे. शेवटी एकदम देत नाही, दर आठवड्याला देते. प्रश्न कसा मांडला, मोजलं कसं, वही कशी ठेवली, निष्कर्ष काढताना डोकं वापरलं का. मोजण्याचे गुण द्यायला मी स्वतः माझा थर्मामीटर घेऊन जाते आणि तेच माप पुन्हा घेते. मुलाचा आकडा माझ्या आकड्याच्या अर्ध्या अंशात आला तर पूर्ण गुण, नाही तर शून्य. दुसऱ्या शाळांतले शिक्षक ही पद्धत बघायला येतात. मी ‘छे हो, त्यात काय एवढं’ म्हणते आणि तक्ता दोनदा दाखवते.

माझा थर्मामीटर म्हणजे कपाटातल्या निळ्या मखमली पेटीतला. त्याला मुलांनी हात लावायचा नाही. वर्षाच्या सुरुवातीला मी प्रयोगशाळेतले बाकीचे सगळे त्याच्याशी ताडून बघते आणि प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधते, ‘दोन मिळवा’. स्वस्तातला माल, सगळे दोन अंश कमी दाखवतात. मुलं वाचतात, दोन मिळवतात, लिहितात. इतकी वर्षं कुणाची काही तक्रार नव्हती.

यंदा एक मुलगी आली आहे. स्टाफरूममध्ये तिला शंकासूर म्हणतात, कारण ‘पण बाई, कशावरून?’ हे तिच्या जिभेवर कायम तयार असतं. आई शिवणकाम करते. पोरीने आईकडूनच उचललं असावं, दोनदा मोजल्याशिवाय काही कापत नाही. गच्चीवर चार डबे, चार रंगांचे, प्रत्येकात सारखं पाणी. कोणतं किती तापतं? दर मंगळवारी दुपारी एक वाजता ती तिथे हजर. गुडघ्यावर बसते, एक डोळा मिटते आणि दुसरा पाऱ्याच्या बरोबर समोर आणून वाचते. चोवीस वर्षांत इतका जीव ओतून कुणी पारा वाचलेला मी पाहिला नाही.

आणि आकडा लिहिते तो दोन अंश कमी! तिने चिठ्ठी कापून टाकली आहे. आठही आठवडे मोजण्यात शून्य. मी वहीत लाल शाईने लिहिलं, ‘आकडे मनाने घालू नयेत.’ तर वर्गासमोर उभी राहून म्हणाली, “बाई, आकडे नाही घातले मनाने. चिठ्ठी मनाने घातलीय. तुमचा थर्मामीटर एकदा बर्फात घालून बघा ना.”

मी म्हटलं, “खाली बस.”

त्या आठ शून्यांमुळे तिचे विज्ञान शाखेला तीन गुण कमी पडतात. तिला दुसरं काहीही शिकायचं नाहीये. यादी पंचवीस तारखेला जाते, त्यानंतर काही बदलता येत नाही.

तुला एक सहज विचारते. तुमच्या शीतगृहात थर्मामीटर बरोबर आहे की नाही हे कसं तपासतात? तुझ्या वेळच्या प्रकल्पाची गोष्ट वेगळी होती, ती यात आणायचं कारण नाही. फक्त माहिती म्हणून कळव.

तुझी,
ताई


गुरुवार, १२ मार्च

प्रिय बाळ्या,

तुझं कार्ड मिळालं. ‘बर्फाचा चुरा, थोडं पाणी, पाच मिनिटं थांबायचं. शून्य दिसलं पाहिजे. आम्ही दर सोमवारी करतो.’ वर ‘ताई’ नाही, खाली नाव नाही. तरी चार वेळा वाचलं. तुझं शून्य अजून तसंच गोल गरगरीत येतं.

मी करून पाहिलं. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेला आतून कडी लावली, आपल्याच घरात चोरी करायला निघाल्यासारखी. पेटीतला थर्मामीटर चुऱ्यात खोचला आणि पाच मिनिटं घड्याळाकडे बघत बसले. दोन. बर्फ बदलला. दोन. मग बाकीचे चौदा एकाच बादलीत उभे केले. चौदाच्या चौदा शून्य.

भिंग घेऊन बघितलं. अगदी खाली, जिथे पितळी कडं असतं तिथे पाऱ्याच्या धाग्यात तांदळाच्या कणीएवढी फट आहे. तेवढ्याने वरचा सगळा धागा सरकलाय. कड्याआड असल्यामुळे दिसत नाही, आणि मी कधी कडं सरकवून बघितलं नाही. बघायचं काय, तो तर माझा! तो चुकेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या थर्मामीटरचा दोष मी वर्षानुवर्षं पोरांच्या आकड्यांत मिळवायला लावला, आणि जो जास्त मुकाट्याने मिळवेल त्याला ‘अचूक मापन’ म्हणून गुण दिले. मी मोजत होते तो आज्ञाधारकपणा, आणि तक्त्यावर नाव दिलं होतं विज्ञान.

दुसऱ्या दिवशी शंकासुराला बोलावलं. म्हटलं आता ही नाचणार, आणि नाचली तर तिचा हक्कच आहे. तिने भिंग डोळ्याला लावलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, “बिचारा.” थर्मामीटरला! माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग म्हणाली, “बाई, आता सगळ्यांच्या आकड्यांतून दोन वजा करा. त्यांनी नीटच मोजलं होतं.”

मी वही पुढे ओढून तिची शून्यं खोडायला घेतली, तर तिने पाचव्या आठवड्याच्या पानावर बोट ठेवलं. “इथलं राहू द्या. हा आकडा खरंच चूक आहे. त्या दिवशी फरशी फार तापली होती म्हणून उभ्यानेच वाचला. बाकीच्या डब्यांशी जुळतच नाही.”

बाळ्या, हिला तीन गुण कमी पडत होते. त्या तीन गुणांवर तिचं सगळं पुढचं लटकलंय हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि ती मला गुण कापायची जागा दाखवत होती. मी इतक्या मुलांची प्रगती मोजली, तक्ते केले, पण त्या क्षणी ती माझ्या पुढे निघून गेली होती आणि मला तिच्याबद्दल फार आदर वाटला. पाचव्या आठवड्याचं शून्य तसंच ठेवलं. तिने मान डोलावली, जणू मी तिचा पेपर नीट तपासला होता.

सोमवारी तपासणी समितीपुढे हे सगळं सांगायचं आहे. तुझ्या कार्डाबद्दल आभार मानले तर तुला आवडणार नाही, म्हणून मानत नाही.

ताई


शनिवार, २१ मार्च

प्रिय बाळ्या,

आधी बातमी. मुलीचं नाव विज्ञानाच्या यादीत बसलं. कटऑफच्या चार गुण वर.

मुख्याध्यापक म्हणाले होते, “बाई, हिला गुपचूप तीन गुण वाढवून टाका आणि विषय संपवा. जुनं उकरून शाळेचं नाव कशाला खराब करायचं?” माणूस वाईट नाही, घाबरट आहे. मी म्हटलं, “वाढवून द्यायला ती कमी पडलेली नाही, सर. कमी मी पडले.” अठ्ठावीस मुलांच्या वह्या नव्याने तपासल्या. दोन दिवस मान वर केली नाही.

सोमवारी समितीत बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “हा थर्मामीटर कधीपासून चुकतोय?”

मी म्हणाले, “सांगता येत नाही.”

ते खोटं होतं. निदान कुठे शोधायचं ते मला माहीत होतं. पहिल्या पत्रापासून माहीत होतं, आणि तुलाही.

बुधवारी अडगळीची खोली उघडली. एकवीस वर्षांपूर्वीच्या वह्यांचा गठ्ठा कोपऱ्यात खाली होता. ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली किती गार होते, हा तुझा प्रकल्प. अकराव्या पानावर तू लिहिलंयस, ‘बाईंचा थर्मामीटर बर्फात २ दाखवतो. माझा ०. तीनदा करून पाहिलं.’ ताईचा नाही लिहिलंस, बाईंचा लिहिलंस. शाळेत मी तुझी कुणी नाही, असं मीच बजावलं होतं ना. त्याखाली माझी लाल शाई: ‘आकडे रचलेले आहेत. पालकांनी भेटावे.’ शिक्षकाची सही माझी. आणि पालकाची सही, तीही माझीच. आई-बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या पानावर तुझ्या बाजूने बोलायला तिसरं माणूसच नव्हतं.

ती ओळ तेव्हा माझ्या नजरेतून सुटली असेल, असं मी इथे लिहिणार होते. पण ‘बर्फात’ या शब्दाखाली माझ्या लाल पेनाची रेघ आहे. म्हणजे मी ती वाचली होती. वाचून तपासायला गेले नाही, कारण तपासणं म्हणजे भावाचं ऐकल्यासारखं झालं असतं, आणि मी भावाला झुकतं माप देते असं कुणी म्हणू नये याची मला फार घाई होती. त्या दिवशी चाळीस मुलांसमोर म्हणाले, “माझा भाऊ असला म्हणून मी खोटेपणा खपवून घेणार नाही.” तू काही बोलला नाहीस. मला वाटलं, पकडला गेला म्हणून गप्प आहे. घरी येऊन मी स्वतःवर खूश होते, तेही खरंच आहे.

त्यानंतर तू विज्ञान सोडलंस. अठराव्या वर्षी घर सोडलंस. आणि माझ्या वाट्याला ‘हं’ आणि ‘बरं’ उरलं. मी सगळ्यांना सांगत आले की आमचा बाळ्या पहिल्यापासून अबोल. तू अबोल नव्हतास रे. जेवताना तुझी टकळी थांबत नसे, बाबा म्हणायचे, घास तरी गिळ.

परीक्षक बाईंना मी त्याच दिवशी लेखी कळवलं. निदान एकवीस वर्षांपासून, आणि पहिली तक्रार अमुक वर्गाच्या अमुक विद्यार्थ्याने पुराव्यासकट केली होती, ती शिक्षिकेने जाणूनबुजून दाबली. तुझ्या वहीच्या पानाची प्रत जोडली. माझं काय करायचं ते समिती ठरवेल.

पण तुला खोटं ठरवलं होतं ते वर्गात, म्हणून काल वर्गात सांगितलं. सगळं, दोन्ही सह्यांसकट. मग अर्थातच शंकासुराचा हात वर.

“बाई, तो मुलगा आता काय करतो?”

मी सांगितलं, तो औषधांच्या शीतगृहात मुख्य तंत्रज्ञ आहे. तान्ह्या बाळांच्या लशी दोन अंशांच्या खाली गेल्या तरी बिघडतात, आठच्या वर गेल्या तरी बिघडतात. त्या तो राखतो. दर सोमवारी सगळे थर्मामीटर बर्फात तपासतो, आणि पंधरा वर्षांत त्याच्या हातून एक खोका वाया गेलेला नाही. हे वहिनीने मला सांगितलं, तू कशाला सांगशील. बोलताना माझा आवाज अभिमानाने चढला होता, मलाच ऐकू येत होता. कुणी विज्ञान शिकवलं नाही तरी ज्याने ते सोडलं नाही, असा माझा एकच विद्यार्थी आहे.

तिचा हात वरच होता. “पण बाई, हे तुम्ही त्याला सांगितलंत का?”

“नाही.”

“का?”

अठ्ठावीस पोरं माझ्याकडे बघत होती. म्हणून आज पत्र लिहायला बसले.

माफी मागत नाही. माफ कर म्हटलं की तू ‘बरं’ म्हणशील, आणि पुन्हा माझ्याच सांगण्यावरून वागल्यासारखं होईल. फक्त जे त्या दिवशी त्या वर्गात म्हणायला हवं होतं, ते लिहिते. तुझा आकडा बरोबर होता. तू खोटं बोलला नव्हतास, बाळ्या.

त्या दिवशीही जी तुझीच असायला हवी होती, ती
ताई