उघड्या कपाचा हेडफोन

रविवार, १९ जुलै

प्रिय दादा,

नमस्काराला दोन्ही हात लागतात, आणि एकात पेन आहे. तेव्हा अर्धाच घे. आईचा गुडघा बरा आहे. बाबांचा राग जागच्या जागी आहे. फोनवर बोलले असते, पण आई शेजारी उभी असते.

तुझ्या लाडक्या आत्तेबहिणीला हेडफोन आवडला. "ताई, तू दुकानात काम करतेस, तूच निवड," असं चिमणी म्हणाली, आणि तूही तेच म्हणालास. मी तुझ्याबरोबर ऑनलाइन गेम खेळायचे तेव्हा तीन वर्षं तोच जुना, एका कानाने बहिरा, चिकटपट्टी लावलेला चालला. ही कॉलेजसाठी राहायला आली आणि दोन महिन्यांत तुझ्याकडून नवा! असो. मला काय त्याचं.

आमच्या मालकांचा नियम आहे, हेडफोन दाखवण्याआधी गिऱ्हाइकाला विचारायचं, घरात माणसं किती? एकटा राहणारा असेल तर उघड्या कपाचा, म्हणजे कानावरच्या वाट्यांना बाहेरून जाळी असलेला. आवाज छान मोकळा येतो, पण बाहेरही सांडतो. घर भरलेलं असेल तर बंद कपाचा. आपल्या दोन खोल्या, चार माणसं, त्यात टीव्हीवरच्या जाहिरातींनीही डोकं उठणारे बाबा. कोणता घ्यायचा हे शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं.

मी उघडा दिला.

चुकून नाही. लिहायलाच बसलेय तर लिहून टाकते. रोज सातला दुकानातून यावं, तर ही माझ्या खुर्चीत बसून "दादा, डावीकडे! दादा, मागे!" आणि मला "खेळतेस का?" म्हणून विचारतंय कोण? वाटलं, आवाज बाहेर आला की बाबा दोन दिवसांत खेळच बंद करतील. जळत होते रे मी. अजूनही जळतेय.

पहिल्याच संध्याकाळी त्यातून तुझा आवाज आला. बारीक, पण स्पष्ट. "शेपूट, माझी पाठ सांभाळ!" मी चपला काढता काढता "हो" म्हणाले. मग कळलं, तू तिला म्हणालास. दादा, तुझ्या मागे मागे फिरायचे म्हणून तूच मला ते नाव ठेवलं होतंस. तिच्यासाठी दुसरं सुचलं नाही?

तेवढ्यात बाबा उठले. म्हटलं, आता बघ गंमत. त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि चिमणीजवळ नेऊन ठेवली. मग तू हसलास. "अगं, हसतोय तो!" बाबांनी आईला हाक मारली. फोनवर तू त्यांना "जेवलो, बरा आहे" एवढंच सांगतोस. वर्षभरात तुझं हसणं त्यांनी ऐकलं नव्हतं. आता सात वाजले की दोघं येऊन बसतात. आई भाजी तिथेच चिरते. काल बाबा चिमणीला म्हणाले, "जरा मोठा कर."

चिमणीला मात्र भाजी चिरल्याचाही आवाज आत येतो, आणि ती गेममध्ये सारखी मरते. "ताई, बदलून मिळेल का गं?" असं तिने काल विचारलं. मिळतो, उद्यापर्यंत. बंद कपाचा मी पिशवीत घालून आणलाही होता. तो तसाच परत नेतेय. तिला सांगितलं, मिळत नाही.

तिला यातलं काही सांगू नकोस. फक्त हाक मारताना एवढं लक्षात ठेव, ती आम्हा चौघांनाही ऐकू येते. आणि मी अजून "हो" म्हणते.

तुझी,
पहिली शेपूट